पाय टेकतात की!

परवा मी खांद्याइतक्या पाण्यात बुडत होतो. पाठीवर 200 बार दाबाने ठासून भरलेलं सिलिंडर, तोंडात रेग्युलेटर, म्हणजे श्वासाची नळी, शेजारी इन्स्ट्रक्टर. एवढी हवा जवळ बाळगून गुदमरणारा त्या तलावातला मी पहिलाच असेन.

स्कूबा डायव्हिंगच्या शिकवणीचा तिसरा तास होता. गुडघ्यांवर बसायचं, मास्कमध्ये पाणी येऊ द्यायचं, मग वरची कड कपाळाशी दाबून नाकाने फुंकायचं, की पाणी खालून बाहेर. मी फुंकायच्या ऐवजी ओढलं. पुढचं विचारू नका.

ठसकत वर आलो तर काठावरच्या खुर्चीत ते काका. नातीला सोडायला येतात आणि तास संपेपर्यंत हलत नाहीत. पाण्याशी संबंध इतकाच, की शिंतोडे उडाले तर खुर्ची मागे घेतात.

"अहो, उभे राहा की! पाय टेकतात!"

उभा राहिलो. टेकत होते.

"मग घाबरलात कशाला?"

"नाकात पाणी गेलं हो."

"नाक वापरायचंच कशाला? तोंडात नळी दिलीय ना?"

बोलणं तसं शास्त्राला धरून होतं, म्हणूनच जास्त झोंबलं. तेवढ्यात त्यांनी तळाकडे बोट दाखवलं. अकरा वर्षांची नात मास्क हातात घेऊन निवांत बुडबुडे सोडत बसली होती.

"लहान आहे ती, तिला भीती कळत नाही अजून," मी म्हणालो.

"तुम्हाला कळते, त्याचा काय उपयोग झाला?"

पुन्हा खाली गेलो. इन्स्ट्रक्टरने खुणेने विचारलं, ठीक? मी सवयीने अंगठा वर केला. पाण्याखाली अंगठ्याचा अर्थ 'वर चला'. त्याने इमानदारीत मला वर आणलं. असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा काकांनी सगळ्या तलावाला ऐकवलं, "अंगठा दाखवतायत, म्हणजे आज मजेत आहेत!"

1943 साली फ्रेंच नौदल अधिकारी कुस्तो आणि इंजिनिअर गान्यां यांनी रेग्युलेटरची अशी झडप जमवली, की श्वास ओढला की भोवतालच्या पाण्याच्या दाबाइतक्याच दाबाची हवा तोंडात येते. थोर माणसं. पण ती हवा घेणाऱ्याच्या डोक्याचं काय करायचं, ते आमच्यावर सोडून गेली. घाबरलेला माणूस भराभर, वरवरचे श्वास घेतो, आतला कार्बन डायऑक्साइड नीट बाहेर पडत नाही, आणि भरल्या सिलिंडरसकट त्याला हवा कमी पडल्यासारखं वाटतं. हे मला कधी कळलं? तिसऱ्या तासानंतर. तोवर जो तो 'घाबरू नका' एवढंच सांगत होता. न घाबरणं माझ्या हातात असतं तर मी कशाला घाबरलो असतो? उलट पहिल्याच दिवशी हसतमुखाने ऐकवलं होतं, की दहा मीटरवर दाब दुप्पट होतो, तिथून श्वास रोखून वर आलात तर छातीतली हवा फुगून फुप्फुस फाटू शकतं. ही माहिती हवीच, मान्य. पण 'आधी श्वास सावकाश, पूर्ण सोडा' हे पाच शब्द त्याच दिवशी सांगायला काय हरकत होती?

काल तेवढंच केलं. खाली बसलो, मनात सहा आकडे मोजत श्वास सोडला, पुन्हा सोडला. मग मास्कमध्ये पाणी घेतलं. नाक चुरचुरलं, हात वर पळायला निघाले, त्यांना मास्कच्या कडेवरच दाबून धरलं आणि फुंकलं. पाणी गेलं. समोर चक्क फरशा दिसल्या, मध्ये एक तडा गेलेली.

वर आलो आणि, खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा खुर्चीकडेच बघितलं. काका फोनवर होते. माझ्याकडे लक्ष गेल्यावर फोन जरा बाजूला धरून म्हणाले,

"आज काही झालं नाही?"

"नाही."

"छे! मग उगाच लवकर आलो."