पाण्यातला ड्रोन, त्याला पुन्हा पाण्यानं काय धुवायचं?

विहिरी, जॅकवेल (नदीकाठची पाणी उपसायची विहीर) आणि बंधारे ड्रोननं तपासणाऱ्या आमच्या मंडळींच्या ग्रुपवर एक मेसेज सारखा फिरतोय: "पाण्याखालचा ड्रोन वॉटरप्रूफच असतो. नदी-तलावाच्या गोड्या पाण्यात वापरला तर धुवायची गरज नाही, फडक्यानं पुसा. मोटर पाच मिनिटं हवेत फिरवून पाणी उडवा. रबरी रिंगला व्हॅसलिन लावा, उन्हात वाळवा, बॅटरी फुल्ल करून ठेवा." हेतू चांगला असेल, पण यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य यंत्राच्या मुळावर येणारं आहे. कर्ज काढून ड्रोन घेतलेली पोरं हे खरं मानून चालतात, म्हणून लिहायला बसलो.

आधी ते गोड्या पाण्याचं. खारं पाणी वाईट हे खरंच. समुद्राच्या एका लिटरात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. मालवणला ड्रोन सोडलात तर तिथंच गोड्या पाण्याच्या बादलीत बुडवा, कोल्हापूरला येईपर्यंत थांबलात तर मीठ वाळून सांध्यांत बसलेलं असतं. पण म्हणून पंचगंगेचं पाणी यंत्राला निर्धोक ठरत नाही. बंधाऱ्याचे बर्गे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, कुठून गळतात ते बघायला आपण ड्रोन उतरवतो, तो नेमका गाळ साचलेल्या जागीच जातो. गेल्या महिन्यात एकाचा ड्रोन माझ्याकडे आला, मोटर घरघरतेय म्हणून. पंखा काढला तर आतल्या चुंबकांना काळ्या रेतीची दाढी फुटलेली, आणि आसाभोवती जाळ्याचा नायलॉन धागा, केस आणि निर्माल्यातल्या हाराचा दोरा असा करकचून वळलेला की सुईनं उकलावा लागला. आपल्याकडचा काळा पाषाण म्हणजे बेसाल्ट. त्यात मॅग्नेटाइट असतं, ते चुंबकाला चिकटतं. तोच खडक झिजून नदीत रेती येते.

बहुतेक पाण्याखालच्या ड्रोनची मोटर बंद डबीत नसते. तारांच्या गुंडाळ्यांवर इपॉक्सीचा (कडक राळेचा) थर असतो आणि गुंडाळी व चुंबक यांच्यातल्या बारीक फटीतून पाणी खेळतं. त्या फटीत रेती बसली की थर खरवडला जातो, मग पाणी तांब्यापर्यंत पोचतं आणि मोटर जाते. म्हणून बाहेर काढल्यावर गाळ वाळायच्या आत ड्रोन स्वच्छ पाण्यात अर्धा तास तरी बुडवून ठेवा. पाण्यातच मोटरी हळू वेगानं अर्धा मिनिट फिरवा. नंतर पंखा काढून मऊ ब्रश फिरवा. चुंबकावरची रेती पाण्यानं सुटत नाही, चिकटपट्टी दाबून उचला. शेवटचं धुणं बोअरच्या जड पाण्यानं नको, पांढरे डाग राहतात.

मोटर हवेत पाच मिनिटं फिरवा, हा सल्ला तर उलटाच आहे. अनेक मोटरींत आस ज्यात फिरतो ते बुश प्लास्टिकचे असतात आणि त्यांना वंगण पाण्याचंच असतं. कोरडी मोटर म्हणजे तेल नसलेलं इंजिन.

फडकं लावायचं ते धुऊन झाल्यावर. कॅमेऱ्यापुढची पारदर्शक काच बऱ्याचदा ॲक्रिलिकची असते, गाळासकट पुसली की चरे पडतात. तिला सॅनिटायझर किंवा स्पिरिटही लावू नका, त्यानं बारीक तडे जातात.

व्हॅसलिनबद्दल जरा सविस्तर. बॅटरी आणि सर्किट ज्या बंद डब्यात असतात, त्याच्या झाकणाच्या खाचेत ही रबरी रिंग बसते. दर १० मीटर खोलीला साधारण एका वातावरणाचा दाब वाढतो. तो अडवते ती रिंग, ग्रीस नव्हे. ग्रीसचं काम एवढंच की रिंग न पिळता खाचेत नीट बसावी. व्हॅसलिन नायट्राइल रबराला फारसं बाधत नाही, पण ईपीडीएम रबर त्यानं फुगतं, आणि आपली रिंग कशाची आहे हे बघून कोण लावतं? नायट्राइल आणि ईपीडीएम दोन्हींना सिलिकॉन ग्रीस चालतं. रिंगच सिलिकॉनची असेल तर मात्र कंपनीनं सांगितलेलंच वापरा. बोटाला जेमतेम चकाकी येईल एवढाच थर द्या, जास्त लावलं की तेच ग्रीस रेती धरतं. डबा बंद करण्याआधी रिंग उजेडात धरून बघा. एक केस आडवा राहिला तरी पाणी आत शिरतं.

उन्हात वाळवणं बॅटरीला बाधतंच. शिवाय तापलेला ड्रोन तसाच थंडगार विहिरीत सोडला की आतली हवा आकसते आणि काचेवर आतून वाफ धरते. सावलीत, पंख्याखाली वाळवा. चार्जिंगच्या पिना पूर्ण कोरड्या झाल्याशिवाय चार्जर जोडू नका, ओल्या पिनेतून करंट गेला की पिन गंजून झिजायला लागते. आठ-पंधरा दिवस काम नसेल तर बॅटरी निम्मी भरलेली ठेवा.

वरून ड्रोनपर्यंत जाणाऱ्या वायरचा त्या मेसेजमध्ये उल्लेखच नाही. धुताना ती बोटांतून सरकवत तपासा. वरच्या आवरणाला छेद असेल तर पाणी आतल्या आत झिरपत थेट यंत्रापर्यंत जातं.

आणि ड्रोन धुणं फक्त ड्रोनसाठी नसतं. रंकाळा तलावानं जलपर्णीचा किती त्रास सोसला हे आपण सगळ्यांनी बघितलंय. तिचा जिवंत तुकडाही पुन्हा फुटतो आणि बी गाळात वर्षानुवर्षं टिकतं. पंख्यात अडकलेली मुळी घेऊन तोच ड्रोन दुसऱ्या दिवशी कळंबा तलावात किंवा एखाद्या गावच्या पिण्याच्या विहिरीत उतरवायचा, हे मला मुळीच पटत नाही. धुतलेलं पाणी तलावात किंवा गटारीत ओतू नका, कोरड्या मातीवर ओता.