विलीनीकरणात आपला नंबर कसा घालवावा

तुम्ही वैमानिक असाल आणि आपली कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन होतेय हे तुम्हाला कंपनीच्या आधी टीव्हीवरून कळलं असेल, तर अभिनंदन. आता तुमच्या हातात काहीच उरलेलं नाही, तेव्हा हे मार्गदर्शन निवांत वाचा. मी नुकताच यातून पार पडलोय. आमच्या दोनशे चाळीस जणांच्या ज्येष्ठता यादीत (कमांड, बेस सगळं हिच्यातल्या नंबरावर मिळतं) मी १३१वा होतो, पुढच्या तुकडीत कमांड, म्हणजे कॅप्टनपद, जवळजवळ ठरलेली. आता नऊशेंच्या यादीत ६५८वा आहे. मधल्या काळात मी ना आजारी पडलो, ना सिम चेकला (सिम्युलेटरवरच्या परीक्षेला) नापास झालो, ना एकही फ्लाइट चुकवली. उलव्याच्या घरी झोपलो होतो. उठलो तर पाचशे सत्तावीस माणसं माझ्या पुढे जाऊन बसली होती.

सगळ्यात आधी यादीची पीडीएफ. ती रात्री अकरानंतरच येते. उघडायची, दोन बोटांनी फुगवायची, आपलं नाव शोधायचं, मग आपल्या वर कोण कोण आहे ते बघायचं. तत्त्व काय घ्यायचं ते यानंतर ठरवायचं. आधी तत्त्व आणि मग यादी असा उलटा क्रम लावणारे आयुष्यभर फर्स्ट ऑफिसर, म्हणजे को-पायलट, राहतात.

तत्त्वं तीन प्रकारांत मिळतात. तुमची कंपनी जुनी असेल तर ‘रुजू झाल्याची तारीख’, यापलीकडे न्याय नाही. कंपनी नवी आणि भराभर वाढलेली असेल तर प्रमाण: त्यांचे तीन, आपला एक, असं पंगतीत बसवत जायचं, म्हणजे जो जुन्या यादीत मध्यावर होता तो नव्यातही मध्यावर राहतो. (त्या हिशेबाने मी ४९०च्या आसपास आलो असतो. असो.) आणि तुमच्या कंपनीने समोरचीला विकत घेतलं असेल तर त्यांची यादी सरळ आपल्या यादीच्या बुडाला स्टेपल करायची. २००१ साली अमेरिकन एअरलाइन्सने टीडब्ल्यूए ही तिकडचीच कंपनी घेतली तेव्हा तिथल्या बऱ्याच वैमानिकांचं हेच झालं, आणि ११ सप्टेंबरनंतर नोकरकपात आली ती अर्थातच खालून वर. त्यातून तिकडे २००७ साली मॅकॅस्किल-बाँड कायदा झाला: याद्या न्याय्य रीतीने जोडा, नाहीच जमलं तर लवादाकडे जा. आपल्याकडे असा कायदा नाही. आपल्याकडे समिती असते.

समितीत आपला माणूस असावा. नसेल तर पुढचं वाचू नका.

आमच्या समितीत सात जण होते, सातही कॅप्टन, त्यातला सगळ्यात लहान नव्या यादीत ९४वा. पंगतीत वाढपी ओळखीचा हवा म्हणतात. इथे वाढपी आणि जेवणारे तेच. त्यांनी तारखेचं तत्त्व धरलं. ठीक आहे, धरा. पण तारीख कुठली? समोरच्या कंपनीच्या लोकांची तारीख ट्रेनी म्हणून वर्गात बसले त्या दिवसापासून. आमची लाइन रिलीज झालो, म्हणजे प्रशिक्षण संपून नेहमीच्या फ्लाइटवर लागलो, त्या दिवसापासून. मधले आठ महिने मी काय करत होतो म्हणे? जंप सीटवर, कॉकपिटमधल्या जादा खुर्चीवर, बसून ढग मोजत होतो बहुधा. हे पान क्रमांक ११ वर, तळटिपेत, चष्मा लावून वाचावं लागेल अशा अक्षरात आहे. कल्याणहून बसून आलेला माणूस ठाण्याला उभ्या असलेल्याकडे बघतो ना, तसं ती तळटीप आपल्याकडे बघते. फरक एवढाच की कल्याणवाला निदान उलटा प्रवास करून ती खिडकी कमावतो.

भांडायचंच असेल तर समोरच्या वैमानिकांशी भांडा, कंपनीशी नको. यात आपली परंपरा मोठी आहे. २००७ साली एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स एक झाल्या. २०११ मध्ये जुन्या इंडियनवाल्यांची आयसीपीए ही संघटना पगार सारखे करा म्हणून दहा दिवस संपावर गेली. पुढच्याच वर्षी जुन्या एअर इंडियावाल्यांची इंडियन पायलट्स गिल्ड ५८ दिवस संपावर, नव्या ड्रीमलायनर विमानांचं प्रशिक्षण इंडियनवाल्यांना का म्हणून. संघटना दोन, मान्यता आळीपाळीने दोघींचीही गेली. दोन्हीकडच्या लोकांना एकत्र कसं बसवायचं ते सांगणाऱ्या न्यायमूर्ती धर्माधिकारी समितीचा अहवाल आला तो जानेवारी २०१२ मध्ये, विलीनीकरणाला चार वर्षं उलटून गेल्यावर. वरातीमागून घोडं, आणि घोड्यावर कोण बसणार यावरून परत भांडण.

परदेशातून शिकायचं असेल तर यूएस एअरवेज बघा. २००५ मध्ये अमेरिका वेस्ट या कंपनीशी जुळली, २००७ मध्ये लवाद जॉर्ज निकोलाऊ यांनी एकत्र यादी दिली. तिच्यात कपातीत घरी बसवलेले ईस्टचे (म्हणजे मूळ यूएस एअरवेजचे) जुने वैमानिक वेस्टच्या (अमेरिका वेस्टच्या) कामावर असलेल्या नव्यांच्या खाली गेले. ईस्टवाल्यांची संख्या जास्त. त्यांनी २००८ मध्ये नवी संघटना काढून जुन्या संघटनेलाच बाहेर काढलं. मग २०१३ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सशी विलीनीकरण होईपर्यंत विमानांच्या शेपटीवर एकच नाव आणि आत दोन टोळ्या, दोन्ही आपापल्या जुन्या पगारावर. कंपनीचं काय बिघडलं? स्वस्तात वैमानिक मिळाले.

घर घेताना यादी बघून घ्यावं. मी विमानतळ बघून घेतलं. गच्चीवरून नवी मुंबईच्या धावपट्टीचे दिवे दिसतात. ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन झालं तेव्हा आईने पाचपाखाडीहून फोन करून सांगितलं, ‘आता तुझी रात्रीची धावपळ संपली रे.’ तिथल्या बेससाठी, म्हणजे ड्युटी तिथूनच सुरू व्हावी म्हणून, अर्ज केला. नंबर ६५८प्रमाणे लागला, म्हणजे लागला नाही. पहाटे २.४० चं पिकअप, वाशीचा पूल, अंधेरीचं टर्मिनल. दिवे रोज दिसतात, मागच्या काचेतून.

आता मतदान. मतदान हे लोकशाहीचं अंग आहे, त्यामुळे ते रविवारी दुपारी दोन ते चार ठेवावं, व्हॉट्सॲपवर. रविवारी दुपारी कोण घरी असतं? ज्यांचं रोस्टर बरं आहे ते. कोण हवेत असतं? मी पाटण्याच्या वाटेवर होतो, फोन फ्लाइट मोडवर. तिथे उतरलो, ग्रुप उघडला: २३७ विरुद्ध ४१ मतांनी यादी मंजूर. खाली ‘सर्वांचे आभार’ आणि हात जोडलेल्यांची रांग. माझ्या बॅचचे नऊ जण त्या दोन तासांत उडत होते, मी रोस्टर काढून मोजलेत. खाली असलेल्यांनी वर असलेल्यांचा नंबर ठरवला.

मग वाशीला सेक्टर १७ मधल्या हॉलमध्ये बैठक झाली. मंजूर झाल्यावर चर्चा, हा क्रमही लक्षात ठेवा. आमच्या संघटनेचे सचिव, समोरच्या कंपनीतले कॅप्टन, वडापाव खात होते. एका हातात पाव, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने पीडीएफ सरकवत होते. स्वतःच्या नावापाशी थांबले. स्क्रीनला हिरवी चटणी लागली ती रुमालाने नीट पुसली. मी म्हटलं, “सर, तळटिपेचं काय?” ते म्हणाले, “अरे बाळा, तुझं वय काय? तुला ६५पर्यंत उडायचंय. घाई कसली?”

बाळा!

सर, मी सदतीस वर्षांचा आहे. माझी मुलगी दुसरीत आहे. वडिलांनी लायसन्ससाठी ठाण्याचा ब्लॉक विकलाय आणि भाड्याच्या घरात गेलेत. कमांड सहा महिन्यांवर होती, आता कोणी चार वर्षं म्हणतं, कोणी पाच. त्या वर्षांचा पगार तुम्ही देणार आहात का? घाई नसती तर तुम्ही तुमची तारीख वर्गातल्या बाकापर्यंत मागे का नेलीत?

आणि तुम्ही एकटे नाही. आमचे जुन्या कंपनीतले सीनियर, जे पहिल्या शंभरात बसले म्हणून गप्प राहिले, त्यांना मी काय म्हणू? सिममध्ये आम्हाला ‘बोल, चूक दिसली तर कॅप्टनलाही बोल’ शिकवता. दहा वर्षं एकाच डब्यातलं खाल्लं आपण. त्या हॉलमध्ये तुम्ही चौदा जण होतात, एकाने तोंड उघडलं नाही. लाज वाटायला हवी होती.

नव्या यादीत खालचा नंबर मला चालेल, पण दोन लोकांना दोन तारखा चालणार नाहीत. पान ११ ची तळटीप काढा. मतदान पुन्हा घ्या, पूर्ण दोन दिवस, म्हणजे जो उडतोय तो उतरून मत देईल. संघटनेची वर्गणी या महिन्यातही पगारातून कापलीत. आणि त्या बैठकीचं इतिवृत्त पाठवा, तीनदा मागितलंय.