मुदत संपलेल्या नावाचे वरचे पैसे कुणाचे?

गेली सात वर्षं मी मुदत संपलेली डोमेन नावं, म्हणजे वेबसाइटचे पत्ते, ऑनलाइन लिलावात घेतो आणि विकतो. पोट त्यावर चालत नाही. महिन्याला तीन-चार नावं घेतली जातात, एखादं विकलं जातं. या व्यवहाराची मला कधी लाज वाटली नाही. कुणीतरी सोडून दिलेलं चांगलं नाव दुसऱ्याच्या कामी येतं, त्यात वावगं काही नाही. पण या धंद्यातली एक गोष्ट मला वर्षभर सलते आहे. ती आज नीट मांडतो. थोडं लांबेल.

मागच्या वर्षी लिलावाच्या यादीत एक नाव दिसलं. दोन साधे शब्द, पुढे डॉट ऑर्ग, वय सतरा वर्षं. सवयीप्रमाणे वेबॅक मशीनवर, म्हणजे वेबसाइटची जुनी रूपं जपून ठेवणाऱ्या संग्रहात, जुनी पानं उघडली. हौशी आकाशनिरीक्षकांचा एक गट होता. ग्रहणांच्या वेळा, दुर्बिणीचा आरसा घरी कसा घासायचा याच्या पानंच्या पानं नोंदी, धूमकेतूंचे हाताने काढलेले नकाशे. इतर साइट्सवरून आलेले दुवे खरेखुरे होते. मधल्या काळात कुणी जुगाराची पानं लावल्याचा मागमूस नव्हता. असं स्वच्छ नाव क्वचित मिळतं. बोली १२ डॉलरला सुरू झाली. शेवटच्या पाच मिनिटांत तिघं भिडलो. अखेरच्या क्षणी बोली आली की घड्याळ पुन्हा पुढे सरकतं, त्यामुळे अर्धा तास ते चाललं. ३४० डॉलरला नाव माझ्याकडे आलं.

त्यानंतर मी एक चूक केली. त्या नावावर कुठल्याही पत्त्याने मेल आली तरी ती एका पेटीत पडेल अशी सोय चालू केली. नावाला अजून किती रहदारी आहे ते बघायचं होतं. दुसऱ्या दिवशी पेटीत चाळीसेक मेल होत्या. एका मुलाने आरसा घासताना पडलेल्या चरांबद्दल विचारलं होतं. एक बँकेचं पत्र होतं. दोन ठिकाणची पासवर्ड बदलायची लिंक होती. आणि तीन-चार मेलच्या विषयाच्या ओळीतच कळलं की गटाचे सचिव गेले. मी तिथेच थांबलो, पेटी बंद केली आणि आलेलं सगळं पुसून टाकलं. ती पत्रं मला लिहिलेली नव्हती.

सगळा उलगडा एका गोष्टीत होता. नावाची नोंदणी सचिवांच्या पत्त्यावर होती आणि तो पत्ता त्याच डोमेनवरचा होता. मुदत संपण्याआधी पैसे भरायची आठवण करून देणाऱ्या मेल एका मेलेल्या माणसाच्या पेटीत जाऊन पडल्या. मुदत संपल्यानंतरची आठवण तर पोचणंच शक्य नव्हतं, कारण नाव बंद झालं की त्याच्यावरची मेलही बंद होते.

जुन्या पानांवर एका सभासद बाईंचा दुसरा पत्ता सापडला. त्यांना लिहिलं. उत्तर आलं, ‘‘आम्हाला वाटलं साइट बिघडली आहे, कुणीतरी दुरुस्त करेल.’’ मी नाव त्यांच्या खात्यात सरकवून दिलं, पैसे घेतले नाहीत. त्यांनी आग्रह केला, मी नको म्हटलं. मग त्यांनी अगदी सरळपणे विचारलं, ‘‘पण आमच्या नावाचे ३४० डॉलर गेले कुणाकडे?’’

गेले रजिस्ट्रारकडे. म्हणजे ज्या कंपनीकडे सचिव सतरा वर्षं दर वर्षी नियमाने पैसे भरत होते, तिच्याकडेच.

ज्यांना या व्यवहाराची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. डॉट कॉमसारख्या नावांचे नियम आयकॅन ही संस्था ठरवते, ती १९९८ ची. मुदत संपली की नाव लगेच मोकळं होत नाही. रजिस्ट्रार ते ४५ दिवसांपर्यंत स्वतःकडे ठेवू शकतो. त्याने ते काढून टाकलं तर पुढचे ३० दिवस ते सोडवून घेता येतं, पण साध्या नूतनीकरणाच्या कितीतरी पट दंड भरून. त्यानंतर ५ दिवस कुणालाच काही करता येत नाही, आणि मग नाव सगळ्यांसाठी खुलं होतं. त्या क्षणी ते पकडण्यासाठी जी झुंबड उडते त्याला ड्रॉपकॅचिंग म्हणतात. माणसाच्या हाताने ते होत नाही. रजिस्ट्री, म्हणजे डॉट कॉमसारख्या एका प्रकारच्या सगळ्या नावांची मुख्य वही सांभाळणारी संस्था, प्रत्येक रजिस्ट्रारला आपल्या यंत्रणेशी ठरावीकच जोडण्या देते, म्हणून ड्रॉपकॅचिंगच्या कंपन्यांनी एकेकाच्या मालकीचे शेकडो रजिस्ट्रार नुसते कागदावर उभे केले आहेत. जितके रजिस्ट्रार, तितके हात.

पण किंमत असलेली बरीच नावं तिथपर्यंत येतच नाहीत, हे लोकांना माहीत नसतं. पहिल्या ४५ दिवसांच्या आतच रजिस्ट्रार ती लिलावात लावतो. जिंकणाऱ्याच्या खात्यात नाव नुसतं सरकतं. रजिस्ट्रीच्या लेखी ते कधी सुटलेलंच नसतं, त्यामुळे त्याची मूळ नोंदणीची तारीखही शाबूत राहते. आम्हा घेणाऱ्यांना हेच हवं असतं, जुन्या तारखेला भाव आहे. म्हणजे नाव कुणी ‘सोडलं’ आणि दुसऱ्याने ‘उचललं’ असं इथे घडतच नाही. मधल्या माणसाने एकाची वस्तू दुसऱ्याला विकली आणि पूर्ण रक्कम स्वतःकडे ठेवली, असं घडतं.

कर्ज फिटलं नाही म्हणून बँक गहाण घर लिलावात काढते तेव्हा आपलं येणं आणि खर्च वळता करून वर उरलेली रक्कम घरमालकाला देते. मालकाने हप्ते थकवले ही त्याची चूकच, पण त्या चुकीची शिक्षा म्हणून अख्खं घर बँकेच्या घशात जात नाही. डोमेनच्या बाबतीत मालकाचं देणं असतं तरी किती? डॉट कॉमचा रजिस्ट्रीचा घाऊक दर सप्टेंबर २०२४ मध्ये वर्षाला १०.२६ डॉलर झाला. त्यावर रजिस्ट्रारचा नफा धरा, लिलावाचा खर्च धरा, टक्केवारी धरा. ३४० मधून हे सगळं वजा केलं तरी त्या गटासाठी एका बऱ्या दुर्बिणीइतके पैसे उरले असते. आणि ३४० हा किरकोळ आकडा आहे. पाच आकडी बोली मी स्वतः समोर लागताना पाहिल्या आहेत.

यावर धंद्यातले मित्र म्हणतात की नोंदणी करताना मालकाने अटींवर ‘मान्य’ दाबलेलं असतं, त्यात हे लिहिलेलं असतं. असतं, मी वाचलं आहे. पण ज्या अटीवर घासाघीस करताच येत नाही आणि जी जवळपास सगळ्याच मोठ्या रजिस्ट्रारकडे आहे, तिच्यावर दिलेल्या होकाराला मी खुशीचा सौदा मानत नाही. दुसरं म्हणणं असं की मालकाला विकायचं होतं तर त्याने आधी विकावं, कुणी अडवलं होतं? हे जाणकाराला लागू पडतं. नावाला बाजार आहे हेच ज्याला माहीत नाही, किंवा जो हयातच नाही, त्याला कसं लागू करायचं?

मला खरा त्रास पैशांपेक्षाही दुसऱ्या गोष्टीचा होतो. मालकाला आठवण करून देण्याची जबाबदारी कुणाची? रजिस्ट्रारची. आयकॅनचं २०१३ पासूनचं धोरण सांगतं की मुदत संपण्याच्या सुमारे महिनाभर आधी एक, सुमारे आठवडाभर आधी एक, आणि संपल्यानंतर पाच दिवसांच्या आत एक अशा सूचना द्यायला हव्यात. नूतनीकरण अजून शक्य असताना शेवटचे किमान आठ दिवस साइट बंद पाडली पाहिजे, म्हणजे मालकाला जाग येईल. नियम चांगला आहे आणि बरेच रजिस्ट्रार तो अक्षरशः पाळतातही. पण मालकाने पैसे भरले तर त्याच रजिस्ट्रारला सुटतात चार-दोन डॉलर, आणि मालक विसरला तर कदाचित शेकडो किंवा हजारो. ज्याला आपण विसरण्यात फायदा आहे त्याच्याकडेच आठवण करून देण्याचं काम! कुणी मुद्दाम लबाडी करतं असं मी म्हणत नाही. पण सूचना पोचली नाही तर दुसऱ्या पत्त्यावर प्रयत्न करावा, एक फोन करावा, असं त्या कंपनीतल्या कुणाला कशासाठी वाटेल?

आणि हितसंबंध एकाच घरात गुंतले की काय होतं ते या बाजाराने पाहिलेलं आहे. २००९ च्या नोव्हेंबरमध्ये स्नॅपनेम्स या लिलाव कंपनीने स्वतःच जाहीर केलं की आपला एक कर्मचारी ‘हाल्वारेझ’ या खात्यावरून २००५ पासून आपल्याच लिलावांत बोली लावत होता. त्याच्यामुळे ग्राहकांना जास्त मोजावे लागलेले पैसे कंपनीने व्याजासह परत देऊ केले. म्हणजे बोली लावणाऱ्याचं नुकसान झालं तेव्हा ते मोजता आलं आणि भरून देता आलं. मूळ मालकाचं नुकसान मात्र आजवर कुणी मोजायलाच घेतलेलं नाही.

विसरणारे मूर्ख असतात, असंही कुणी मला सांगू नये. १९९९ च्या डिसेंबरमध्ये मायक्रोसॉफ्ट पासपोर्ट डॉट कॉमचं नूतनीकरण विसरली. हॉटमेलचं लॉगिन त्याच नावावरून चालायचं, ते होईना. शेवटी एका प्रोग्रॅमरने ऐन नाताळात स्वतःच्या खिशातले ३५ डॉलर भरले तेव्हा ते सुरळीत झालं. जगातल्या सगळ्यात श्रीमंत कंपन्यांपैकी एक विसरू शकते, तर आकाशनिरीक्षकांचा गट विसरणारच.

माझ्या हाती लागलेल्या त्या मेलपेटीबद्दलही बोलायला हवं, कारण यात फक्त मालक भरडला जात नाही. पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेच्या सार्वजनिक भांडारात ‘सीटीएक्स’ नावाचं एक पॅकेज, म्हणजे कुणीही वापरावा असा तयार कोड, होतं. ते सांभाळणाऱ्याचा मेल ज्या डोमेनवर होता त्याची मुदत संपली. २०२२ च्या मे महिन्यात कुणीतरी ते डोमेन विकत घेतलं, पासवर्ड बदलून मागवला आणि पॅकेजमध्ये लोकांच्या खात्यांच्या गुप्त चाव्या चोरणारा कोड घातला. २०२४ मध्ये सुरक्षेचा अभ्यास करणाऱ्या वॉचटॉवरच्या मंडळींनी डॉट मोबी या प्रकारच्या नावांच्या जुन्या हूइज सर्व्हरचं, म्हणजे कुठलं नाव कुणाचं ते सांगणाऱ्या यंत्रणेचं, सोडून दिलेलं नाव २० डॉलरला घेतलं. थोड्याच दिवसांत १,३५,००० हून जास्त यंत्रणा त्यांच्याकडे विचारणा करू लागल्या, त्यांत सरकारी आणि लष्करी यंत्रणाही होत्या. नाव विकलं जातं तेव्हा त्याच्याबरोबर इतरांचा विश्वासही विकला जातो, आणि त्या इतरांना कुणी विचारलेलं नसतं.

बंद पडलेल्या मासिकाचं किंवा संस्थेचं नाव घ्यायचं आणि तिच्या पुण्याईवर यंत्राने लिहिलेला भुसा छापायचा, हा धंदा मी करत नाही आणि करणाऱ्याला नाव विकतही नाही. आयत्या बिळावरचा नागोबा होणं आहे ते. द हेअरपिन या २०१८ मध्ये बंद पडलेल्या साइटच्या नावावर पुढे तेच झालं. मार्च २०२४ मध्ये गूगलने अशा वापराला आपल्या स्पॅमच्या नियमांत स्वतंत्र स्थान दिलं तेव्हा मला मनापासून बरं वाटलं, जरी त्यामुळे माझ्याकडच्या काही नावांचा भाव उतरला.

मग व्हावं काय? माझ्या मते रजिस्ट्रारने लिलावातून आपलं येणं, खर्च आणि ठरलेली टक्केवारी कापून घ्यावी. टक्केवारी भक्कम असली तरी माझी तक्रार नाही. उरलेली रक्कम वर्षभर मूळ मालकाच्या नावे जमा ठेवावी. मालक किंवा त्याचे वारस आले तर द्यावी, कुणीच आलं नाही तर खुशाल स्वतः घ्यावी. आणि प्रत्येक नोंदणीला त्याच डोमेनवर नसलेला दुसरा मेलपत्ता सक्तीचा करावा. हा दुसरा उपाय तर फुकटात होण्यासारखा आहे.

‘आयकॅन कुणाचं ऐकणार!’ असं म्हणणाऱ्यांना डोमेन टेस्टिंग, म्हणजे नावं चाखून बघणं, आठवत असेल. नोंदणीनंतर पाच दिवसांत नाव परत केलं की पूर्ण पैसे परत मिळायचे. त्या सवलतीवर लोक लाखो नावं फुकट घ्यायचे, कशावर जाहिराती चालतात ते बघायचे आणि बाकीची परत करायचे. हेही थांबणार नाही असंच सगळे म्हणत. मग परताव्यावर मर्यादा आली आणि आयकॅनच्याच अहवालाप्रमाणे जून २००८ ते एप्रिल २००९ या काळात असं परत करणं ९९.७ टक्क्यांनी घटलं. पैशाचं गणित बदललं, वागणं बदललं.

मी आता माझ्यापुरतं एक काम करतो. बोली लावण्याआधी जुन्या पानांवर संपर्क शोधतो आणि जिवंत संस्था वाटली तर आधी तिला कळवतो. सात-आठ वेळा असं झालं. तिघांनी वेळेत पैसे भरून नाव वाचवलं. दोन चांगली नावं त्यामुळे माझ्या हातून गेली आणि धंद्यातल्या एका मित्राने मला खुळ्यात काढलं. त्याच्याशी माझं अजून भांडण चालू आहे.

सध्या यादीत एका ब्रेल ग्रंथालयाचं नाव आहे. लिलाव उद्या दुपारी संपतो, बोली ९५ डॉलरवर आहे. साइट बंद आहे, पण तीन वर्षांपूर्वीच्या पानावर एक फोन नंबर मिळाला. सकाळपासून दोनदा लावला, रिंग वाजते, कुणी उचलत नाही. संध्याकाळी परत लावतो.