४ जीबीवर भागत नाही

अभ्यासापुरता ४ जीबी रॅम, ६४ जीबी ईएमएमसीवाला (म्हणजे साधं, स्वस्तातलं स्टोरेज असलेला) लॅपटॉप पुरेल असं लेखात म्हटलंय, ते मला अजिबात पटत नाही. विंडोज ११ ची ती निव्वळ किमान अट आहे. चालू होईल, पण मोठ्या अपडेटला जागाच उरत नाही. भाचीसाठी एम. जी. रोडला एका दुकानात लॅपटॉप बघत होतो, तिथे दुरुस्तीला आलेला तसाच एक उघडून ठेवला होता. रॅम आणि स्टोरेज दोन्ही बोर्डलाच सोल्डर केलेलं, एसएसडीला (वेगवान स्टोरेजला) वेगळा स्लॉटही नाही. म्हणजे पुढे वाढवायची सोयच नाही! त्यापेक्षा ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडीचा वापरलेला ऑफिसवाला लॅपटॉप घ्या, बॅटरी आणि बिजागऱ्या तेवढ्या नीट तपासा. इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीच्या आधीचा असेल तर विंडोज ११ सहसा अधिकृतपणे चालत नाही. त्यावर विंडोजऐवजी सरळ लिनक्स मिंट ही फुकट ऑपरेटिंग सिस्टीम टाका, मराठी टायपिंगचा इनस्क्रिप्ट कीबोर्डही त्यात मिळतो.