शुगर ग्लायडर द्राक्ष-बेदाण्यावर जगत नाही

सांगली-मिरजेत एक मेसेज फिरतोय: ‘शुगर ग्लायडर ही उडणारी खारच. नावातच साखर, त्यामुळे तासगावची द्राक्षं आणि बेदाणा दिला की बास.’ कृपया तो पुढे पाठवू नका. या सल्ल्यानं प्राणी लुळा पडतो.

हा खारीच्या कुळातला नाही. तो ऑस्ट्रेलिया-न्यू गिनीकडचा, कांगारूसारखा पिशवीत पिल्लू वाढवणारा प्राणी आहे. जंगलात झाडांचा चीक, डिंक, मकरंद आणि किडे खातो.

खरी अडचण कॅल्शियमची आहे. आहारात फॉस्फरसच्या साधारण दुप्पट कॅल्शियम लागतं. १०० ग्रॅम द्राक्षांत कॅल्शियम सुमारे १० मिलिग्रॅम आणि फॉस्फरस २०, म्हणजे प्रमाण नेमकं उलटं. बेदाण्यातही तेच, शिवाय साखर दाट. केळं तर आणखी वाईट. कॅल्शियम कमी पडलं की शरीर ते हाडांतून ओढतं. मग मागचे पाय थरथरतात, पकड सुटते, शेवटी पाय फरफटतात. असं दिसलं तर उंच पिंजऱ्यातून काढून उबदार, बुटक्या खोक्यात ठेवा आणि त्याच दिवशी पशुवैद्यांकडे न्या. घरी दूध पाजू नका.

१२० ग्रॅमच्या प्राण्याला रोज संध्याकाळी साधारण २० ग्रॅम अन्न पुरतं. त्यात उकडलेलं अंडं किंवा कॅल्शियम पावडर लावलेले किडे हवेतच. फळांत पपई किंवा ताजं अंजीर बरं. द्राक्ष कधीतरी अर्धंच, स्वच्छ धुऊन.

आणि एकटा ठेवू नका. हा कळपातला जीव आहे. एकटेपणात स्वतःचेच केस उपटतो.