आईचे पाच, आईचे आठ

दरवर्षी २० मार्च जवळ आला की बेळगावजवळच्या आमच्या येळ्ळूर गावातल्या मित्रांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तोच वाद पेटतो. आंतरराष्ट्रीय आनंद दिन, त्याच सुमाराला येणारा जागतिक आनंद अहवाल आणि त्यातला भारताचा क्रमांक. २०२४ मध्ये १४३ देशांत १२६वा, २०२५ मध्ये १४७ देशांत ११८वा. पाकिस्तान १०९वा, म्हणजे आपल्या वर, आणि ठिणगी तिथंच पडते. एक गट म्हणतो, हे गोऱ्यांनी आपल्याला हिणवायला काढलेलं खूळ आहे. जिथं म्हातारी माणसं एकेकटी मरतात तो देश सुखी कसा? दुसरा गट म्हणतो, आरशावर राग काढून काय होणार, आपले दवाखाने बघा, रस्ते बघा. मग कुणीतरी मला ओढतो, कारण २०१८ ते २०२५ सलग आठ वर्षं पहिला आलेल्या फिनलंडमध्ये मी राहतो. "तू सांग रे, खरंच एवढी सुखी हायत काय ती माणसं?"

मी तांपेरेला असतो. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत हायड्रॉलिक्सचं काम शिकलो आणि त्याच कामावर इथं आलो. आजवर या प्रश्नाला एका ओळीचं उत्तर देऊन मी मोकळा व्हायचो. यंदा सविस्तर लिहितोय. मला दोन्ही गटांचं पटत नाही, आणि का पटत नाही ते आईशी फोनवर बोलताना कळलं.

आधी एक गोष्ट, जी आमच्या ग्रुपवर कुणालाच माहीत नव्हती. ज्या प्रश्नावरून हा क्रमांक ठरतो त्यात आनंद हा शब्दच नाही. गॅलप ही संस्था बहुतेक देशांत वर्षाला साधारण हजार लोकांना विचारते: एक शिडी डोळ्यांसमोर आणा, खाली शून्य, वर दहा. सगळ्यात वरच्या पायरीवर तुमच्यासाठी शक्य असलेलं सगळ्यात चांगलं आयुष्य, सगळ्यात खाली सगळ्यात वाईट. आत्ता तुम्ही कुठल्या पायरीवर उभे आहात? हॅडली कँट्रिल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६५ मध्ये मांडलेली ही शिडी. तीन वर्षांच्या उत्तरांची सरासरी काढली की क्रमांक तयार. उत्पन्न, आयुर्मान, भ्रष्टाचार, अडचणीला धावून येणारं माणूस आहे की नाही, हे सगळं नंतर येतं, आकड्यांचा अर्थ लावायला. क्रमांक त्यातून निघत नाही. २०२५ मध्ये फिनलंडची सरासरी ७.७ च्या वर होती, भारताची ४.४ च्या आसपास.

हीच शिडी मी आईपुढे ठेवली. आई येळ्ळूरला असते. दोन एकर रान, एक म्हैस, दुखरे गुडघे. प्रश्न तिनं नीट ऐकून घेतला आणि उलट मलाच विचारलं, "सगळ्यात चांगलं म्हणजे कुणासारखं?"

मला उत्तर सुचेना. ज्यांचं आयुष्य हे प्रश्न तयार करण्यात गेलं त्यांनाही हे कोडं पडलेलं आहे. २०२४ मध्ये ब्रिटनमधल्या दीड हजारांवर लोकांवर झालेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. शिडी म्हटली की लोकांच्या मनात पैसा आणि सत्ता येते, आणि शिडीची उपमा वगळून तोच प्रश्न विचारला की हे विचार कमी होतात, असं त्यात दिसलं. शिडीवर कुणीतरी वर असतो आणि कुणीतरी खाली. आईच्या डोळ्यांसमोर लगेच गावातली माडीची घरं आली असणार.

"पाच म्हण," ती म्हणाली. "गुडघे हे असे, बोअरचं पाणी खाली गेलंय, आणि तू तिकडं."

मग मी वेगळं विचारलं. "आई, तुला समाधान किती आहे?"

"समाधान होय? ते आठ तरी असंल की. जास्त म्हणू नये, दृष्ट लागते."

तेवढ्यात शेजारच्या अक्का विरजण न्यायला आल्या. त्यांचं घर कन्नड. चाळीस वर्षं आमच्या दोन्ही घरांत मधली भिंत एकच. आईनं फोन त्यांच्या हातात दिला. माझ्या मोडक्या कन्नडमध्ये मी आधी शिडी विचारली, मग नेम्मदी, म्हणजे मनाची शांती, आपल्या समाधानाच्या जवळचा कन्नड शब्द. शिडीला त्यांनीही पाचच दिले. नेम्मदीला हिशेब न करता म्हणाल्या, "नेम्मदी ऐतप्पा." आहे रे बाबा. आकडा काही दिला नाही.

पाच आणि आठ यांच्यातल्या या तीन पायऱ्यांचा विचार मी तेव्हापासून करतोय. आईनं एका मिनिटाच्या आत दोन्ही आकडे खरेच सांगितले. बदलला होता फक्त माझा शब्द.

मराठीत आपण सुख, आनंद आणि समाधान एका तागडीत टाकत नाही. आनंद होतो: गणपती आले, पोरगी पास झाली, पाऊस वेळेवर पडला. सुख असतं किंवा नसतं आणि त्यात खाऊनपिऊन बरं असणं येतं. समाधान हे सगळ्याची बेरीज करून रात्री अंथरुणावर पडल्यावर जे उरतं ते. "तुम्ही किती आनंदी आहात?" असं एखाद्या सर्वेक्षणात छापलं तर आई बहुतेक विचारेल, का, घरात काय कार्य आहे? सीमाभागात तर आणखी गंमतीचा पेच आहे, आणि तो आम्ही लहानपणापासून जगलोय. कन्नडमध्ये 'संतोष' म्हणजे आनंद, खुशी. मराठीत संतोष म्हणजे तृप्ती. कन्नडमध्ये 'समाधान माडू' म्हणजे कुणाची समजूत घाल, शांत कर. मराठीत समाधान मनात मुरलेलं असतं. दोन्ही शब्द संस्कृतातून आलेले, एकाच भिंतीच्या दोन बाजूंना वेगळे झालेले. हे माहीत नसलेल्या माणसानं बंगळुरात बसून एका भाषेतला फॉर्म दुसरीत उतरवला, तर अक्का आणि आई एकाच ओट्यावर बसून दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतील, आणि अहवालात मात्र दोन्ही एका रकान्यात पडतील.

फिनिशमध्येही हेच आहे. 'ओन्नी' या शब्दाचा अर्थ सुखही आणि नशीबही. त्यामुळे 'ओन्नेलिनेन', म्हणजे सुखी, हा शब्द इथला माणूस स्वतःबद्दल सहज उच्चारत नाही. माझ्या कारखान्यातला साठीकडे आलेला फिटर, कसं चाललंय विचारलं की ठरलेलं उत्तर देतो: "एइ वालित्तामिस्ता." तक्रार नाही. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वडिलांचा आवाज ऐकल्यासारखं झालं. बाबाही जन्मभर हेच म्हणायचे, "तक्रार काय नाही."

म्हणून मित्रांना माझं पहिलं उत्तर: ही माणसं आपल्यापेक्षा जास्त हसत नाहीत. डिसेंबरात इथं दिवस साडेपाच तासांचा होतो. त्या काळोखात माझ्या इमारतीतल्या जिन्यावर आठवडा-आठवडा कुणाचा शब्द कानावर पडत नाही, आणि तो एकटेपणा खरा आहे. पण त्यांना पायाखालची पायरी हलेल अशी भीती वाटत नाही. माझ्या मुलीचा लाल हातमोजा बसथांब्याजवळ पडला. कुणीतरी तो उचलून कुंपणाच्या काठीवर अडकवला. तीन आठवडे बर्फ पडत होता, मोजा तिथंच होता. २०२५ च्या अहवालात नेमकं हेच मोजलंय: हरवलेलं पाकीट परत मिळेल असं तुम्हाला वाटतं का, आणि प्रत्यक्षात किती परत मिळतात. उत्तरेकडचे हे देश दोन्हींत वर आहेत. हा भरवसा शिडीवर दिसतो. येळ्ळूरमध्ये भरवसा नाही असं मात्र नाही. आमचा भरवसा अक्कांवर असतो, गल्लीवर असतो. कचेरीवर नसतो.

कचेरीचा विषय आला की मी जास्त बोलतो, माफ करा. पण तोच माझा मुद्दा आहे.

बाबा गेल्यावर जमिनीवर वारसाची नोंद करायची होती. उतारा कन्नडमध्ये, नोटीस कन्नडमध्ये, अर्जही कन्नडमध्ये. आई मराठी सातवी शिकलेली. पेपर रोज वाचते, हिशेब चोख. त्या टेबलासमोर ती निरक्षर ठरली. समोरच्या माणसानं बोट ठेवून दाखवलं, इथं सही. तिनं केली. घरी येऊन ती अक्कांच्या ओट्यावर बसली आणि अक्कांनी एकेक ओळ वाचून तिला मराठीत सांगितली. आपण कशावर सही केली ते तिला तेव्हा कळलं. त्या दिवशी कुणी शिडी घेऊन आलं असतं तर आईनं दोन सांगितले असते, आणि अहवालवाल्यांनी ते गरिबीच्या खात्यात टाकले असते.

आता इथलं सांगतो. फिनलंडमध्ये स्वीडिश बोलणारे जेमतेम पाच टक्के. तरी भाषा कायद्यानुसार एखाद्या नगरपालिकेत अल्पसंख्य भाषेचे लोक ८ टक्के किंवा ३,००० असले की ती द्विभाषिक होते. पाट्या दोन्ही भाषांत, अर्ज दोन्ही भाषांत. ऑलंड बेटांची गोष्ट तर आपल्या सीमाप्रश्नाची सख्खी बहीण वाटावी अशी. तिथले स्वीडिशभाषक लोक फिनलंड स्वतंत्र झाल्यावर स्वीडनमध्ये जायचं म्हणत होते. १९२१ मध्ये राष्ट्रसंघानं बेटं फिनलंडला दिली आणि त्याचबरोबर तिथल्या स्वीडिश भाषेची हमी घेतली. सीमा हलली नाही, पण घरातली भाषाही हलली नाही. आज तिथं शाळा, कचेरी, सगळं स्वीडिशमध्ये चालतं.

हे वाचून कुणी म्हणेल, हा परदेशात बसून सीमाप्रश्न सोडून द्या म्हणतोय. मी तसं म्हणत नाही. १९५६ पासून ज्या घरांनी हे सोसलं त्यातलंच माझं एक. महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, तो तिथं लागेल तेव्हा लागेल. २०१४ मध्ये येळ्ळूरच्या वेशीवरचा 'महाराष्ट्र राज्य' फलक काढला गेला, तेव्हा फोनवर आई रडली होती. माझं म्हणणं इतकंच की निकालाची वाट बघत असतानाही आईला तिच्या जमिनीचा कागद वाचता यायला हवा. त्यासाठी नवा कायदाही नको. ज्या भागात भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के किंवा जास्त आहेत तिथं महत्त्वाचे नियम आणि सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात, हे भाषिक अल्पसंख्याकांसाठीच्या संरक्षणांत केव्हाच ठरलेलं आहे. बेळगाव जिल्ह्यात मराठी माणसं त्याहून जास्त आहेत, खानापूर तालुक्यात तर बहुसंख्य.

२०११ च्या जनगणनेत बेळगाव जिल्ह्यात ४७ लाख ७९ हजार माणसं होती. अख्ख्या फिनलंडमध्ये आज ५६ लाख. इथल्या ५६ लाखांना त्यांच्या भाषेत, त्यांच्या शब्दांत विचारलं जातं. आमचे जवळपास तेवढेच लोक एकशे चाळीस कोटींच्या एका सरासरीत विरून जातात. माझं मागणं असं: आपल्या जिल्ह्याचं समाधान आपण मोजावं. आकड्यांना नावं ठेवणाऱ्या मित्रांनो, मोजल्याशिवाय काय दुखतंय ते कुणाला दाखवणार? आणि आकडे देव्हाऱ्यात ठेवणाऱ्यांनो, आधी प्रश्नाचे शब्द तपासा. मराठी घरात समाधान विचारा, कन्नड घरात नेम्मदी विचारा, दोन्हीकडे शिडीही विचारा, आणि तिन्ही उत्तरं वेगवेगळी लिहा. जोडीला एक साधा प्रश्न घाला: गेल्या वर्षी तुम्ही सही केलेला सरकारी कागद तुम्हाला स्वतःला वाचता आला का? माझी खात्री आहे की आमच्याकडच्या शिडीचं बरंचसं गणित या एका उत्तरात सापडेल.

गेल्या रविवारी आईला विचारलं, "पाचाचे सहा कशानं होतील?" तिनं बोअरचं पाणी सांगितलं, गुडघे सांगितले. मग म्हणाली, तालुक्याहून एक नोटीस आली आहे, आठ दिवस झाले. अक्का लेकीकडे हुक्केरीला गेल्यात, गुरुवारी येतील. मी म्हटलं, फोटो काढून पाठव, इथं कुणाकडून तरी वाचून घेतो.

"नको," आई म्हणाली. "अक्का आल्या की वाचतील. पंचांगाखाली ठेवलाय कागद."