"ईसीयू टाका, गाडी स्वतःच शिकते" म्हणे

जुन्या गाड्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, नाशिकमधल्या बहुतेकांना दोन-चार ठिकाणाहून आलाच असेल. मजकूर साधारण असा: कार्ब (कार्ब्युरेटर) काढा, ३० हजारात ईसीयूचा, म्हणजे पेट्रोलचं इंजेक्शन आणि स्पार्क सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरचा, किट टाका, वायरिंग प्लग अँड प्ले आहे, नेटवरून बेस मॅप (सुरुवातीच्या सेटिंगची फाइल) घ्या, ऑटोट्यून चालू करा, गाडी चालवता चालवता स्वतः शिकते, ट्यूनर लागत नाही, पॉवर ४० टक्के वाढते, घाटात उंचीचा प्रॉब्लेम कायमचा संपतो, आणि गाडी जुनी असल्यामुळे आरटीओचा काही संबंध येत नाही.

आधीच सांगतो, मी कार्बला चिकटून बसलेला माणूस नाही. प्रीमियर पद्मिनीला इंजेक्शन करून रोज वापरता येतं, आणि निफाडकडच्या जानेवारीतल्या पहाटे चोक न ओढता एका सेल्फमध्ये गाडी चालू होणं काय सुख आहे ते मलाही कळतं. पण या मेसेजमधलं निम्मं चूक आहे आणि उरलेलं अर्धवट आहे, आणि ते अर्धवटच जास्त महागात पडतं.

"गाडी स्वतः शिकते" ही सगळ्यात मोठी थाप. ईसीयूचा बोर्ड स्पीडुइनो घ्या नाहीतर मेगास्क्वर्ट, लॅपटॉपवर ट्यूनर स्टुडिओ हे सेटिंगचं सॉफ्टवेअर उघडलं की त्यातलं ऑटोट्यून (तेही पैसे भरून रजिस्टर केलेल्या व्हर्जनमध्येच मिळतं, हे मेसेजवाल्याने सोयीस्कर गाळलंय) एक्झॉस्टमध्ये लावलेल्या वाइडबँड सेन्सरकडे बघतं, त्या क्षणाला आरपीएम किती आणि इनटेक मॅनिफोल्डमधलं प्रेशर किती ते बघतं आणि व्हीई टेबलमधला (इंजिनात किती हवा शिरते त्याच्या तक्त्यातला) तेवढा चौकोन थोडा वर किंवा खाली करतं. बस, एवढंच. कोल्ड स्टार्टचं पेट्रोल वेगळ्या टेबलमध्ये, इंजिन गरम होईपर्यंतचं जादा पेट्रोल वेगळ्या, ॲक्सिलरेटर दाबल्या दाबल्या द्यायचा शॉट आणखी वेगळ्या, आणि स्पार्क कधी पडायचा तो मामला तर पूर्णच निराळा. यातल्या कशालाही ते हात लावत नाही. म्हणून मग "ऑटोट्यून करूनही सिग्नलवरून उचलताना गचके खाते" अशी तक्रार येते, आणि लोक परत ऑटोट्यूनच लावतात.

त्यात तो वाइडबँड मोजतो काय, तर धुरात उरलेला ऑक्सिजन. आता एका सिलिंडरचा प्लग मिस मारतोय समजा, तिथलं पेट्रोल जळलंच नाही, ऑक्सिजन तसाच बाहेर आला, सेन्सर म्हणणार मिक्श्चर लीन, म्हणजे पेट्रोल कमी आहे, ऑटोट्यून म्हणणार घे अजून पेट्रोल, मग प्लग अजून ओला, अजून मिस, अजून "लीन", अजून पेट्रोल. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं गॅस्केट फुंकत असेल आणि बाहेरची हवा आत खेचली जात असेल तरी हेच. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं तसा प्रकार, आणि संध्याकाळी ऑइलला पेट्रोलचा वास येतो तेव्हा बोर्डाला शिव्या. म्हणून आधी कॉम्प्रेशन बघा, व्हॅक्यूम लीक बघा, एक्झॉस्टचे सांधे बघा, टॅपेट सेट करा, आणि मग लॅपटॉप उघडा. इंजिन आजारी असेल तर ईसीयू तो आजार झाकतो, बरा करत नाही.

आणि हो, पंपावर आता ई२० (२० टक्के इथेनॉलचं पेट्रोल) मिळतं. निव्वळ पेट्रोलला १४.७ धरतात तो हवा-पेट्रोलचा रेशो ई२० ला १३.५ च्या आसपास येतो. पण पेट्रोल स्केलवर सेट केलेला गेज परफेक्ट जळण असलं की १४.७ च दाखवणार, म्हणून आकड्यांवर भांडण्यापेक्षा सरळ लॅम्डावर (परफेक्ट जळण म्हणजे १, इंधन कुठलंही असो) काम करा, डोकेदुखी कमी.

पुढचं, "नेटवरून बेस मॅप घ्या". बेस मॅप फक्त गाडी चालू व्हावी एवढ्यासाठी असतो. कुणाच्या एमपीएफआय एस्टीमचा १३०० सीसी, १६ व्हॉल्व्हचा मॅप पद्मिनीच्या १०८९ सीसी, ८ व्हॉल्व्हच्या इंजिनात टाकला तर पेट्रोलचं एकवेळ वाइडबँडवर सावरता येईल, पण इग्निशनचं काय? टायमिंग चुकलं तर ते सांगणारा सेन्सर बहुतेकांच्या किटमध्ये नसतोच. स्पार्क फार लवकर पडला तर लोडवर नॉकिंग (इंजिनातली खडखड), आणि जुन्या एक्झॉस्टच्या आवाजात ते ऐकू यायच्या आधी पिस्टनची वाट लागलेली असते. फार उशिरा पडला तर गाडी मेल्यासारखी चालते, एक्झॉस्ट लाल, घाटात टेंपरेचरचा काटा वर, आणि आपण रेडिएटरवाल्याकडे खेपा मारतोय. त्यात लॅपटॉपच्या स्क्रीनवर टायमिंग १० डिग्री दिसतं म्हणजे क्रँकवर १० डिग्रीच आहे असं नाही. ट्रिगर व्हीलचा, म्हणजे क्रँक पुलीवरच्या दातेरी चाकाचा, गाळलेला दात टीडीसीपासून (पिस्टन सगळ्यात वर असतो त्या जागेपासून) किती अंशांवर आहे ते तुम्ही ईसीयूला सांगितलंय, त्याने ते मुकाट मानलंय. त्यामुळे सॉफ्टवेअरमध्ये टायमिंग १० वर फिक्स करा, टायमिंग लाइट पुलीवर मारा, खूण जुळेपर्यंत ट्रिगर अँगल बदला, आणि मग आरपीएम वाढवून परत बघा खूण सरकते का. ही तपासणी न करता जो गाडी रस्त्यावर काढतो त्याच्या बाजूच्या सीटवर मी बसणार नाही.

"वायरिंग प्लग अँड प्ले". कुठल्या गाडीला? पद्मिनीच्या मूळ वायरिंगमध्ये क्रँक सेन्सर नाही, थ्रॉटल सेन्सर नाही, टेंपरेचरचा असतो तो काट्यापुरता. नाशिकच्या अंबड किंवा सातपूर एमआयडीसीत चांगला जॉबवाला गाठून ३६-१ चं (३६ दातांतला एक गाळलेलं) व्हील कापून घेता येतं, ती गोष्ट सोपी, फक्त पुलीवर बसवल्यावर ते डगमगत नाही ना एवढं डायल लावून बघा. खरी गंमत नंतर सुरू होते. ३००० आरपीएमच्या वर सिंक जातो (ईसीयूचा दातांचा हिशोब चुकतो), बोर्ड रीसेट होतो, सगळे म्हणतात बोर्ड डुप्लिकेट आहे, आणि निघतं काय तर तांब्याच्या तारेच्या जुन्या प्लग वायरी आणि बिनारेझिस्टरचे प्लग, जे सगळीकडे इलेक्ट्रिकल नॉइज फेकतायत. एनजीकेच्या नंबरात तो आर असतो ना, बीपी६ईएस आणि बीपीआर६ईएस मधला, तो याच्यासाठी असतो. सेन्सरची अर्थ ईसीयूच्या सेन्सर ग्राउंडला, पॉवरची अर्थ इंजिन ब्लॉकला, आणि क्रँक सेन्सरची वायर शील्डवाली. बॉडीला कुठेतरी स्क्रू मारून दिलेली अर्थ हेडलाइटला चालते, इथे नाही.

आणि डायनॅमोवाली गाडी असेल तर आधी अल्टरनेटर बसवा, बाकी सगळं नंतर. डायनॅमो आयडलवर जवळपास काहीच देत नाही, त्यात आता पेट्रोल पंप, इंजेक्टर, वाइडबँडचा हीटर, पंखा. व्होल्टेज पडलं की इंजेक्टर उघडायला जास्त वेळ घेतो, म्हणजे तेवढ्याच पल्समध्ये पेट्रोल कमी. दिवसा छान ट्यून केलेली गाडी रात्री हेडलाइट लावून नाशिकच्या द्वारका चौकातल्या ट्रॅफिकमध्ये उभी राहिली की का फडफडते, याचं उत्तर बऱ्याचदा इथे असतं. इंजेक्टरचं व्होल्टेजप्रमाणे डेड टाइमचं (उघडायला लागणाऱ्या वेळेचं) टेबल नीट भरलं तर बराचसा त्रास जातो, पण ते भरायला इंजेक्टर कुठला आहे ते माहीत पाहिजे, जुन्या बाजारातून उचलून आणलेला निनावी सेट नको.

४० टक्के पॉवर? फुल थ्रॉटलला नीट जेटिंग केलेला कार्ब साधारण १२.५ ते १३ चं मिक्श्चर देतो, ईसीयूमध्ये आपणही टार्गेट तेच भरतो. हवा तेवढीच, पेट्रोल तेवढंच, मग जादा पॉवर येणार कुठून? फरक पडतो तो खालच्या आणि मधल्या आरपीएममध्ये, कारण झिजलेल्या डिस्ट्रिब्युटरच्या जागी टायमिंगचा पूर्ण मॅप मिळतो. गाडी हलकी वाटते, स्टार्टिंग सुधारतं, ॲव्हरेजही थोडं वाढतं. पण थ्रॉटल शाफ्ट हलणारा जुनाट कार्ब एका बाजूला आणि नवाकोरा ईसीयू दुसऱ्या बाजूला ठेवून तुलना करायची आणि टक्के मोजायचे, याला काय म्हणायचं राव.

घाटाचं अर्धं खरं आहे. नाशिक समुद्रसपाटीपासून ६०० मीटरच्या आसपास, हवेचं प्रेशर ९४ किलोपास्कलच्या आसपास, मुंबईला १०१. कार्बला हे कळत नाही, मॅप सेन्सरवर (मॅनिफोल्डमधलं प्रेशर मोजणारा, वरच्या मॅपशी संबंध नाही) चालणाऱ्या ईसीयूला कळतं. पण ज्यांनी हौसेने चार थ्रॉटल बॉडी लावल्यात ते बहुतेक थ्रॉटलच्या उघडीपवर, म्हणजे अल्फा-एन वर चालवतात, आणि स्पीडुइनोला बाहेरच्या हवेचं प्रेशर मोजणारा वेगळा बॅरो सेन्सर दिला नसेल तर तो बाहेरचं प्रेशर चावी फिरवताना एकदाच वाचून ठेवतो. इथे चालू केली, कसारा उतरून न थांबता ठाण्यापर्यंत गेलात, की हवा ७ टक्के दाट आणि पेट्रोल अजून नाशिकच्याच हिशोबाचं. लीन, तेही हायवेच्या स्पीडला. वेगळा बॅरो सेन्सर लावला की विषय संपला, पण मेसेजमध्ये त्याचा पत्ता नाही.

"ट्यूनर लागत नाही" याच्या बरोबर उलट, डायनोशिवाय (गाडी जागेवर रोलरवर चालवून पॉवर मोजायच्या मशीनशिवाय) हात लावूच नका म्हणणारेही आहेत, ते पण मला पटत नाही. हलक्या आणि मध्यम लोडचं काम रस्त्यावर लॉग घेऊन होतं, चालवणारा एक आणि लॅपटॉपवर दुसरा, पहाटे रिकाम्या रस्त्यावर. फुल लोडच्या टायमिंगला मात्र डायनोच बरा.

पेट्रोलच्या लाइनबद्दल मेसेजमध्ये एक शब्द नाही, आणि मला राग आला तो यावर. मूळ मेकॅनिकल पंपाचं प्रेशर किरकोळ असतं, इंजेक्शनला साधारण ३ बार लागतं. जुन्या रबरी पायपावर क्लिप आवळून ३ बार सोडलं, वर ई२० ने ते रबर आणखी खराब केलं, आणि खाली गरम एक्झॉस्ट. इंजेक्शनचा होज, इंजेक्शनच्याच क्लिपा, टाकीपर्यंत रिटर्न लाइन, आणि पंपाचा रिले ईसीयूच्या ताब्यात, म्हणजे इंजिन थांबलं की पंप बंद. पंप थेट इग्निशनला जोडून दिलेल्या गाड्या आहेत, ॲक्सिडेंटमध्ये इंजिन बंद पडलं तरी तो पंप पेट्रोल ओततच राहणार.

राहिला आरटीओ. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ गाडीत बदल करण्याबद्दलच आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपासून लांब जाणाऱ्या बदलांबाबत कडक भूमिका घेतलीय. आरसीवर कार्ब की इंजेक्शन असं छापलेलं नसतं हे खरं, पण पीयूसी पास झाली म्हणजे बदलाला परवानगी मिळाली असं होत नाही. काही जण म्हणतात मग व्हिंटेजमध्ये नोंदवू. २०२१ च्या नियमांप्रमाणे त्याला गाडी ५० वर्षांपेक्षा जुनी लागते आणि चासी, बॉडी, इंजिनमध्ये मोठे फेरफार केलेले चालत नाहीत, शिवाय त्या नंबरवर गाडी रोज ऑफिसला नेता येत नाही. तेव्हा एमएच १५ वाल्यांनी, म्हणजे नाशिककरांनी, बोर्ड मागवायच्या आधी आरटीओत आणि इन्शुरन्सवाल्याकडे विचारावं, आणि जे उत्तर मिळेल ते लेखी घ्यावं.